तिसरा डिटेक्टर

या ग्रुपवरच्या जुन्या मंडळींना माझं नाव आठवत असेल, तर ते चांगल्या कारणासाठी नक्कीच नाही. तुमच्या अनुभवांखाली ‘आधी वायरिंग तपासा’, ‘हा झोपेतला भास’, ‘मेंदूचे खेळ’ असल्या कॉमेंट टाकणारा तो मीच. कलबुर्गीला पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. करणी, संकेत, आत्मा यातलं काहीही मी कधी मानलं नाही. खरं सांगायचं तर आजही ‘मानतो’ असं टाइप करायला बोट धजत नाही. पण गेल्या वर्षी माघ महिन्यात जे घडलं ते मी भर दुपारी, पूर्ण जागेपणी, हातात चहाचा कप असताना पाहिलंय. वर्षभर गप्प बसलो. आता लिहून काढतो... कुणाला काही सुचलं तर बघू.

आमचं गाव खजुरी. आळंद तालुका, महाराष्ट्राची हद्द अगदी लागून. बसस्टँडपासून पाच मिनिटांवर घर. वाडाबिडा काही नाही, वडिलांनी नोकरीत असताना बांधलेलं साधं स्लॅबचं घर. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर आणि बाजूला एक धान्याची खोली. वडील गेल्यापासून आई तिथं एकटीच राहते. कलबुर्गीला चल म्हटलं की म्हणते, “तुम्ही दोघं नोकरीला जाणार. मी काय दिवसभर तुमचा टीव्ही राखू?”

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आईला ताप येऊन गेला. त्यातून ती उठली, पण वास गेला तो परत आलाच नाही. मोगरा नाकाला लावला तरी नाही, हिंगाची डबी उघडली तरी नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वास ओळखणारी नसच दुखावली आहे, इतक्या दिवसांत आली नाही म्हणजे आता आशा कमी. आईनं ते फार मनावर घेतलं नाही. भाजी फोडणीला टाकली की मला म्हणायची, “आरू, बघ रे वासावरून, मीठ जमलंय का.” आणि स्वतःच हसायची.

मग एका रविवारी मी गावी गेलो तर फाटकापासूनच करपल्याचा वास. आत पळालो. स्वयंपाकघरात धूर, दुधाचं पातेलं काळं ठिक्कर, आणि आई पलीकडे हॉलमध्ये शांतपणे मेथी निवडत बसलेली.

“आई, दूध जळालं की.”

“व्हय का? मला काय कळतंय आता.” बोलली साधंच, पण गॅस बंद केल्यावर तिनं बटण दोनदा फिरवून बघितलं.

त्याच आठवड्यात मी वायरलेस स्मोक डिटेक्टरचा तीन नगांचा सेट ऑनलाइन मागवला. ज्यांनी हा प्रकार बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. तळहाताएवढी पांढरी गोल डबी, छताला लावायची. आत बॅटरी, वायर नाही. तिन्ही डब्यांची एकदा आपसात जोडणी करून द्यायची, म्हणजे एकीला धूर लागला की तिन्ही वाजतात. ‘पीं-पीं-पीं’, मग थांबणार, परत ‘पीं-पीं-पीं’. आणि धूर नेमका कुठल्या खोलीत आहे हे कळावं म्हणून एक सोय असते. ज्या डबीला धूर लागला तिचाच लाल दिवा भराभर लुकलुकतो. बाकीच्या दोघी नुसत्या वाजतात, त्यांचा दिवा लुकलुकत नाही. थोडक्यात, दिवा लुकलुकला तर ‘आग माझ्याकडे’, नाही लुकलुकला तर ‘मला दुसरीनं सांगितलं’.

दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः ते बसवले. शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन आणलं. स्वयंपाकघरात धुरावर चालणारा नाही, सेटमध्येच आलेला उष्णतेवर चालणारा लावला, नाहीतर रोज मिरचीच्या फोडणीला घर दणाणलं असतं. हॉलमध्ये दुसरा. धान्याच्या खोलीत तिसरा, कारण जुना स्विचबोर्ड तिथंच आहे आणि आई देवाचा दिवाही तिथल्याच कोनाड्यात लावते. मी स्टुलावर उभा, आई खाली स्क्रूची पुडी धरून.

“हे काय डोळा हाय का कान?” तिनं विचारलं.

“नाक आहे.”

“मग बरं. माझं गेलं, घराला आलं.”

सेटबरोबर आलेल्या कागदावर देखभाल लिहिली होती ती मी नेमानं करायचो. महिन्याच्या पहिल्या रविवारी गावी जायचं, टेस्टचं बटण दाबायचं, तिन्ही वाजतात का बघायचं, मऊ ब्रशनं जाळीवरची धूळ झाडायची. पौषात तूर घरात आली आणि धान्याच्या खोलीतला तिसरा डिटेक्टर दिवसाआड वाजायला लागला. धूर नव्हता. तुरीची धूळ आत गेली की त्याला ती धुरासारखीच वाटते. यात गूढ काही नाही, कागदावरही तसं लिहिलेलं होतं. पण आई वैतागली. “पोती हलवली की बोंबलायलंय. काढून टाक ते.”

मी तो काढला, बॅटरी बाहेर काढली आणि कलबुर्गीला घेऊन आलो. उन्हाळ्यात खोली रिकामी झाली की परत लावू असं ठरवलं. मूळ खोक्यात घालून, खोक्याला टेप लावून तो बेडरूममधल्या लोखंडी कपाटात ठेवला. बॅटरी वेगळी, एका प्लास्टिकच्या पिशवीत. हे मी इतकं बारकाईनं लिहितोय त्याला कारण आहे.

आता कमलमावशीबद्दल. आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, अफजलपूरला पाटबंधारे कचेरीत क्लार्क होती, तिथूनच रिटायर झाली. भीमेच्या बाजूला, बाजाराच्या मागे तिचं छोटं घर आहे. खाली बसण्णाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, वर ती एकटी. आमची आजी शेवटची अकरा वर्षं तिच्याकडेच होती. सगळं मावशीनं केलं. मग आजी फारच थकली तेव्हा आईनं हट्टानं तिला खजुरीला आणलं. बाराव्या दिवशी आजी गेली. मावशीला फोन केला, ती बस पकडून निघाली. पण आळंदला बस बंद पडली आणि ती पोचेपर्यंत गावच्या मंडळींनी घाई करून सगळं उरकलं होतं. मावशी अंगणात उभी राहून एवढंच म्हणाली, “अक्का, तासभर थांबता आलं न्हाई तुला?” आईही तेव्हा भानावर नव्हती. ती काहीतरी बोलून गेली... ‘एवढी माया होती तर आधीच यायचं’ असं काहीसं. मावशी पाणीही न पिता परत गेली. त्यानंतर सहा वर्षं दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी अधूनमधून मावशीला फोन करायचो, जाऊन यायचो. आई विचारायची नाही, पण मी अफजलपूरहून आलो की चहा देता देता घुटमळायची.

तो माघातला पहिला रविवार. मी एकटाच गाडीनं खजुरीला आलो होतो, माझी बायको वैशाली कलबुर्गीलाच होती. जेवण झालं. हॉलमधला आणि स्वयंपाकघरातला, दोन्ही डिटेक्टर टेस्ट केले, पुसले, व्यवस्थित होते. सव्वातीनच्या सुमारास आईनं चहा केला. मी हॉलमध्ये कप तोंडाला लावला आणि दोन्ही वाजायला लागले.

पहिली प्रतिक्रिया वैतागाची. आत्ताच पुसताना धूळ आत गेली असणार. मान वर करून हॉलमधला बघितला. लाल दिवा लुकलुकत नव्हता. म्हणजे स्वयंपाकघरातला. आत गेलो. गॅस बंद, ओटा पुसलेला, आणि डिटेक्टर जोरात वाजतोय... पण त्याचाही दिवा लुकलुकत नव्हता.

मी परत हॉलमध्ये आलो, परत आत गेलो. तीन-चार वेळा. घरात दोनच डिटेक्टर, आणि दोन्ही म्हणतायत की मला दुसऱ्यानं सांगितलं. बटण दाबून गप्प केले की दहा-बारा सेकंदांत परत सुरू.

तेवढ्यात आई हॉलच्या दारात येऊन उभी राहिली. पदर नाकाला लावलेला.

“आरू, वास यायलाय.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तीन वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं.

“कसला वास?”

“कापूस जळायलाय. गोधडी जळल्यावानी.”

मला कसलाही वास येत नव्हता. मी बाहेर पळालो. घराला चक्कर मारली, जिना चढून गच्चीवर गेलो, शेजारच्या अंगणात डोकावलो. लख्ख ऊन, स्वच्छ हवा. कुठं पाचोळासुद्धा पेटलेला नव्हता. आत आलो तर आई खुर्चीवर बसली होती आणि तिचे डोळे लाल झाले होते. रडण्यानं होतात तसे नाही. चुलीपुढे बसल्यावर होतात तसे, पाणी गळत होतं. आणि ती खोकत होती.

“वेखंड हाय त्यात,” ती म्हणाली.

“कशात?”

“गोधडीत. वेखंडाचा वास हाय जळका. गोधड्यात वेखंड कमळीच घालती. आमच्या मायची सवय, तिनंच उचलली.” मग एकदम म्हणाली, “फोन लाव तिला.”

“मावशीला?”

“व्हय. लाव आता.”

सहा वर्षांत हे पहिल्यांदा. मी लावला. रिंग जात राहिली, कुणी उचलला नाही. परत लावला. डोक्यावर तो आवाज चालूच. आई माझ्या हाताकडे एकटक बघत होती.

“दुपारची झोपली असेल,” मी म्हणालो.

“कमळी झोपंत बी फोन घेती. बसण्णाला लाव.”

बसण्णाचा नंबर माझ्याकडे होता. आवाजात काही ऐकू येईना म्हणून मी अंगणात आलो. आई मागोमाग. रविवार असूनही सुदैवानं तो दुकानातच होता. मी कन्नडमध्ये म्हणालो, “बसण्णा, स्वल्प नोड्री, मावशी फोन उचलत नाहीत, जरा वर जाऊन बघता का?” सांगताना माझी मलाच लाज वाटत होती. काय कारण सांगणार होतो?

तो फोन चालू ठेवूनच जिना चढला. मी स्पीकर लावला. त्याच्या चपलांचा आवाज, दारावर थाप, “अक्का... अक्का...”

मग त्याचा बदललेला आवाज. “सर, दाराखालून धूर यायलाय.”

पुढचं तुकड्यातुकड्यांत ऐकू आलं. तो कुणालातरी हाका मारतोय, धावण्याचे आवाज, दार धडकवण्याचे आवाज. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ दिसत होते. एक मोठा आवाज झाला, मग बसण्णा ओरडला, “हाय, हाय, श्वास हाय,” आणि फोन कट झाला.

आम्ही दोघं अंगणात उभे. सगळं शांत. त्या शांततेत मला कळलं की घरातले डिटेक्टर थांबले आहेत. मी बंद केले नव्हते.

फोनमध्ये नोंद आहे. बसण्णाला लावलेला कॉल तीन वाजून सत्तावीस मिनिटांचा.

दहा मिनिटांत आम्ही गाडीत होतो. खजुरी ते अफजलपूर दोन तास तरी लागतात. आई पुढच्या सीटवर, हातातला रुमाल पिळत. निम्म्या वाटेत मी विचारलं, “अजून येतोय वास?”

“न्हाई. दार फुटल्यावर गेला.”

अफजलपूरजवळ आलो की हंगामात उसाच्या मळीचा वास इतका भरून असतो की काचा वर घ्याव्या लागतात. मी घेतल्या. आईनं विचारलं, “कामून बंद करायलास? गुदमरायलंय.” तिला काहीच येत नव्हतं. तेव्हाही नाही आणि त्यानंतर आजतागायत नाही.

मावशी सरकारी दवाखान्यात होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, केसांत काजळी. बसण्णाच्या खांद्याला दार फोडताना मार लागला होता, तो बाहेर बाकावर बसला होता. त्यानं सांगितलं ते असं. मावशीनं गुडघे शेकायची इलेक्ट्रिकची पिशवी गोधड्यांच्या चळतीवर ठेवली होती. बटण बंद करायचं राहिलं आणि तिचा डोळा लागला. ज्वाळा नव्हत्याच. कापूस आतल्या आत धुमसत होता आणि थंडीमुळे खिडक्या गच्च बंद. त्याला मावशी पलंगावर सापडली नाही. ती दाराशी पडली होती, एक हात कडीकडे. पलंगापासून सरपटत आली होती. डॉक्टर म्हणाले, अजून पाच मिनिटं गेली असती तर अवघड होतं.

आई कॉटजवळ जाऊन उभी राहिली. मग मावशीनं मास्क थोडा बाजूला केला.

“आलीस अक्का.”

“आले.” आई खाली बघत म्हणाली. “त्या दिवशी थांबायला पायजे होतं मी. चुकलं माझं.”

मावशीनं हात नुसता पुढे केला. आईनं तो दोन्ही हातांत घेतला आणि पदराच्या टोकानं बोटांवरची काजळी पुसत बसली.

मी बाहेर जायला वळलो तेव्हा मावशीनं हाक मारली. “आरू, ते वर काय बसवलास रे?”

“कुठं वर?”

“पलंगाच्या वर, छताला. किती वेळ वरडायलं होतं. पीं पीं पीं करायचं, थांबायचं, परत पीं पीं पीं. त्यानंच जाग आली मला. डोळे उघडून बघते तर धुरात काहीच दिसंना, नुसता लाल उजेड लुकलुकायलाय. तो पाठीमागं ठेवला आणि सरकत सरकत दार गाठलं.”

मी तिच्या घरात कधीच काही बसवलं नव्हतं. डिटेक्टर नावाची वस्तू तिनं पाहिलेली नव्हती. आम्ही बसवल्याचंही तिला माहीत नव्हतं. मी कॉरिडॉरमध्ये येऊन बसण्णाला विचारलं, वर गेलात तेव्हा काही वाजत होतं का. तो म्हणाला, काहीच नाही, आत सगळं चिडीचूप होतं, म्हणूनच तर तो घाबरला.

तिथूनच वैशालीला फोन केला. मावशीचं सांगितलं. मग म्हणालो, “बेडरूममधलं कपाट उघड. खालच्या कप्प्यात खोकं आहे ना?”

“आहे. का?”

“टेप आहे तशी आहे का?”

“आहे की. तुम्हाला हे आत्ता कशाला हवंय?”

“फोड आणि आत काय आहे सांग.”

“तुमचा तो धुराचा डिटेक्टर. बॅटरी पिशवीत आहे.” मग ती म्हणाली, “अहो, काळा कशानं झालाय हा?”

मला आधी कळलंच नाही. घरी आल्यावर पाहिलं. डबीच्या पुढच्या जाळीवर काजळीचा पातळ थर होता. तुरीची धूळ करडी, पिवळसर असते, बोटानं झटकली की उडते. हे काळं होतं आणि चिकट. खोक्याच्या आतल्या थर्मोकोलवर मात्र एक डागही नव्हता.

तरीही मी स्वतःची समजूत घालत होतो, हे कबूल करतो. डिटेक्टर वाजले ते कुठल्यातरी रेडिओ लहरींच्या गोंधळामुळं. कंपनीच्या हेल्पलाइनवरचा माणूसही हेच म्हणाला. काजळी असेल आधीचीच, देवाच्या दिव्याची, माझ्या लक्षात आली नसेल. आईचा वास... मेंदू कधीकधी नसलेले वास तयार करतो, याला शास्त्रात नावही आहे. मावशी धुरानं अर्धवट शुद्धीत होती. एकेक घेतलं की प्रत्येकाला काहीतरी उत्तर जुळतं. सगळी एकाच दुपारी, एकाच पंधरा मिनिटांत कशी आली, एवढंच तेवढं विचारायचं नाही.

पुढच्या रविवारी मी अफजलपूरला गेलो. मावशीला दवाखान्यातून सोडल्यावर आई तिला खजुरीला घेऊन गेली होती, आणि खोली साफ करायचं काम माझ्याकडे होतं. जाताना तिसरा डिटेक्टर पुसून बरोबर घेतला होता. म्हटलं, आता हा मावशीच्याच घरी लावू, तिथं जास्त गरज आहे. बसण्णानं खिडक्या उघडल्या. भिंती खालपर्यंत काळ्या, छत तर डांबर फासल्यासारखं. आम्ही जळक्या गोधड्या बाहेर ओढल्या. बसण्णा पलंगावर चढून जळमटं काढायला लागला आणि थांबला.

“सर, इथं काय होतं?”

मी वर बघितलं. संपूर्ण काळ्या छतावर, पलंगाच्या बरोब्बर वर, एक पांढरा स्वच्छ गोल होता. तळहाताएवढा. भिंतीवरचं घड्याळ किंवा कॅलेंडर वर्षांनी काढल्यावर मागे जशी कोरी जागा राहते, तसा.

“काही नव्हतं,” मी म्हणालो.

“मग काढलं काय?”

“काहीच काढलं नाही, बसण्णा.”

तो पलंगावरून खाली उतरला आणि दाराजवळ जाऊन उभा राहिला. मी स्टूल घेतलं, वर चढलो. जवळून पाहिलं तर कड अगदी रेखीव होती. आत जुना चुना जसाच्या तसा, बोट फिरवलं तर बोटाला काही लागेना. स्क्रूची भोकं नव्हती. होल्डर नाही, हूक नाही, पंखा तर खोलीच्या मधोमध, तिथून चार फुटांवर. मी पिशवीतून तिसरा डिटेक्टर काढला आणि त्या गोलावर टेकवला. तंतोतंत बसला. या डबीच्या कडेला एके ठिकाणी नखाएवढी खाच असते, ती काढताना अंगठा घालायला. गोलाच्या कडेलाही एका जागी नखाएवढा काळा ठिपका आत आलेला होता. डबी थोडी फिरवली, खाच ठिपक्यावर आली.

माझ्याकडे फोटो आहे. मागाल त्याला पाठवतो. पण फोटोत काळ्या छतावर एक पांढरा गोल दिसतो, तेवढंच. त्यानं काय सिद्ध होणार?

चैत्रात खोलीला नवा रंग दिला. मावशी परत आपल्या घरी राहायला गेली, आता आई महिन्यातून आठ दिवस तिच्याकडे असते. दोघी मिळून नव्या गोधड्या शिवायला बसतात, आणि भांडतातसुद्धा, टाका कुणाचा सरळ यावरून. तिसरा डिटेक्टर परत वापरायची माझी इच्छा होत नव्हती, म्हणून मी मावशीसाठी नवीन सेट घेऊन गेलो. ड्रिल बसण्णाकडून आणलं आणि म्हणालो, “मावशी, पलंगाच्या वर एक लावतो.”

ती गोधडीत टाका घालत होती. मान वर न करता म्हणाली, “कामून? हाय की तिथं.”

मी छताकडे बघितलं. नुकताच रंग दिलेलं कोरं छत. “कुठं आहे? तुला दिसतं?”

“दिसत न्हाई.” तिनं दातानं दोरा तोडला. “पण हाय.”

आई तिच्याशेजारीच बसली होती. मला वाटलं ती हसेल, नाहीतर मावशीला गप्प करेल. तिनं फक्त मावशीच्या पुढ्यातला दोरा उचलला आणि सुईत ओवायला घेतला.

मी तरीही स्टुलावर चढलो. फिजिक्स शिकवणारा माणूस, असल्या बोलण्यावरून काम सोडून देणार होतो का? पेन्सिलनं खूण केली, ड्रिलचं टोक खुणेवर टेकवलं आणि डाव्या तळहातानं आधारासाठी छताला रेललो. चैत्रातली दुपार, स्लॅबचं घर, वरून ऊन... छत हाताला तापलेलंच लागत होतं. तळहाताखाली मात्र, एका डबीएवढ्याच जागेत, गार होतं. मी हात बाजूला सरकवला, गरम. परत आणला, गार.

नवीन डिटेक्टर मी शेवटी दाराजवळ लावला. त्या जागी ड्रिल चालवलं नाही. का चालवलं नाही, ते गार कशामुळं होतं, आणि त्या दुपारी आम्हाला नेमकं कुणी सांगितलं... कुणाला सुचलं तर खाली लिहा.